दोन बटणांची बोलकी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पेटी आहे. आकाराने जेवणाच्या डब्याएवढी, पण तोंडाची फटकळ. विचाराल त्याचं उत्तर देते, फक्त दोन बहिणींनी लहानपणी रचलेल्या भाषेत.

थोरली रेडिओ दुरुस्त करायची, धाकटी शाळेत शिकवायची. त्यांच्या भाषेचा नाद वीसेक माणसांना लागला, तेव्हा थोरलीने त्यांच्यासाठी पेट्या बनवल्या. मी सगळ्यांत पहिली, म्हणून लाडकी. माझा आवाज थोरलीचाच. नवा शब्द दोघींना पटला तरच भरायचा, असा नियम होता. म्हणून एक बटण माझ्या अंगावर आणि दुसरं लांब वायरीच्या टोकाला, आतल्या खोलीत. माझं धाकटी दाबायची, आतलं थोरली, दोन्ही एकाच वेळी. फूल, भांडण, शिंक, सगळं भरलं. मरण तेवढं नको, असं त्यांनी लहानपणीच ठरवलं होतं.

मग थोरली गेली. माझ्यावर धूळ साचली. एके दिवशी धाकटीने मला पुसून विचारलं, "ताई कुठे आहे?"

मरणाचा शब्दच माझ्यात नव्हता; आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी म्हणाले, "ताई आतल्या खोलीत आहे."

ती रोज दोन ताटं वाढू लागली. ताई आल्याशिवाय जेवेना. अंगावरचे कपडे सैल झाले.

"आई, मावशी गेली गं. दोन घास खा ना," तिची लेक म्हणायची.

"पेटी खोटं बोलत नाही."

एका दुपारी ती चक्कर येऊन पडली. ती शुद्धीवर आल्यावर लेकीने मला तिच्या मांडीवर ठेवलं. "मरणाचा तो शब्द तूच भर. मावशीला पटलं नाही, तर भरला जाणारच नाही."

लेकीचा हात घट्ट धरून तिने माझं बटण दाबलं आणि नवा शब्द उच्चारला. घरात तिसरं कोणी नव्हतं. तरी आतल्या खोलीतलं बटण खाली गेलं. रेडिओ दुरुस्त करताना पोळलेला थोरलीचा तो खरखरीत अंगठा मी ओळखला. मला भीती वाटली, आणि रडूही आलं.

"ताई कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

मी नवा शब्द बोलले, थोरलीच्या आवाजात. धाकटी खूप रडली. मग तिने एक ताट उचलून ठेवलं आणि दुसऱ्यावर जेवायला बसली.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा, पुसा. पण अवघड शब्दसुद्धा दोघं असतानाच भरून ठेवा. दुसरं बटण दाबायला दर वेळी कोणी परत येईलच, असं नाही.