दारातून निसटणारी झोप

"माणसाच्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच. त्याच्या घराचं मुख्य दार!" मेहुण्याने जाहीर केलं, होकायंत्र तळहातावर धरलं आणि उत्तर दिशेच्या शोधात डोळे बारीक केले. होकायंत्राची सुई थरथरली, फिरली आणि गादीवाल्याच्या हातातल्या दाभणाकडे तोंड करून थांबली. गादीवाला पाणी प्यायला उठला, तशी उत्तर दिशाही त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात निघाली.

"भाऊजी, ते दाभण आधी खाली ठेवा," मेहुणा वैतागून म्हणाला. "तुमच्या घरात दिशासुद्धा जागेवर राहत नाहीत."

एरवी हा मेहुणा पाण्याच्या टाक्या विकायचा. पण टपालाने फेंग शुईचा अभ्यासक्रम पुरा केल्यापासून त्याला टाकी कमी आणि टाकीच्या मालकाचं नशीब जास्त गळताना दिसायचं.

गादीवाल्याचं दुखणं अगदी साधं होतं. त्याला झोप येत नव्हती. अख्खी गल्ली त्याने भरलेल्या गाद्यांवर घोरायची, आणि हा मात्र या नव्या घरात आल्यापासून छताकडे बघत पडून असायचा. परवा तर शिवता शिवता त्याने स्वतःच्या शर्टाची बाही गादीला टाचून टाकली, आणि बायको येऊन सोडवीपर्यंत गादीशेजारी गुमान बसून राहिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याचे तांबारलेले डोळे बघून म्हणालं, "तुम्ही स्वतः कुठल्या गादीवर झोपता? ती सोडून बाकीच्या दाखवा."

असं चाललं तर धंदा बसणार होता, आणि धंद्याआधी गादीवाला.

मेहुण्याने पलंगावर आडवं होऊन पाहिलं. घर म्हणजे सरळ बोळच होता. पुढे कारखाना, मागे पलंग, आणि पलंगाच्या पायथ्यासमोर थेट दार. उकाड्यापायी रात्रंदिवस उघडंच. दारापलीकडे उतरता रस्ता.

"सापडलं!" तो उठून बसला. "झोप येत नाही असं नाही. येते. पण पायांच्या रेषेत दार दिसलं की सरळ बाहेर पडते. एकदा उताराला लागली की मग कोण थांबवणार?"

"माझी बरी थांबते," बायको म्हणाली.

"ताई, तू भिंतीकडे झोपतेस."

मग उपाय सुरू झाले. दारावर अष्टकोनी आरसा लागला. त्याचा फायदा समोरच्या न्हाव्याला झाला, कारण गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवायला तो त्याला थेट या दारात आणू लागला. पोकळ नळ्यांचं झुंबर टांगलं, तर त्याच्या किणकिणाटाने होती नव्हती ती डुलकीही पळाली. शेवटी उंबऱ्याशी तीन पायांचा बेडूक बसला.

"चौथा पाय कुठाय?" बायकोने विचारलं.

"शास्त्रात असं विचारायचं नसतं."

"म्हणजे येताना मोडला."

बेडकावरून बहीणभावांत अबोला झाला, आणि झोपेने काही दाद दिली नाही. हात टेकायची वेळ आली तेव्हा मेहुणा म्हणाला, "आता आडोसाच हवा. चांगला जाड."

जाडीच्या बाबतीत गादीवाला कुणाला हार जाणारा नव्हता. त्याने कापूस ठासून दुहेरी गादी भरली आणि दाराच्या आत उभी करून टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला आता पोट आत ओढून तिरकं सरकावं लागे.

त्या दुपारी तो आडवा झाला. झोप आली. सवयीप्रमाणे अंगठ्यावरून निघाली, कारखान्यातून तरंगत दाराशी गेली, आणि गादीवर मऊसर आपटली. गाडी चुकलेल्या पाहुणीसारखी ती जरा घुटमळली, इकडेतिकडे बघत राहिली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून परत येऊन त्याच्या छातीवर बसली. पिंजलेल्या कापसाएवढंच तिचं वजन. मग भिंती फुगल्या, फरशी पायाखाली दबू लागली, आणि एका ऊबदार शिवणीतून गादीवाला आत, आणखी आत उतरत गेला.

आणि गल्लीला जाग आली.

दुपारी आपल्याच खुर्चीत पेंगणारा न्हावी टक्क जागा राहू लागला. चढावर बसून डुलकी काढणारा टपालवाला वेळेवर पत्रं देऊ लागला, त्यामुळे लोकांना वेळेवर उत्तरं द्यायची आफत आली. शाळेतल्या बाईंच्या वर्गातली पोरं तर शेवटच्या तासाला चक्क ऐकायला लागली. मग तिघांनी मिळून विचार केला. गादीवाला इथे राहायला आल्यापासून दुपार झाली की वरच्या अंगाने काहीतरी मऊ, गुंगीचं गल्लीत उतरायचं. ते याच दारातून यायचं, आणि आता ते दार बुजलं होतं.

तिघं दाराशी येऊन उभे राहिले. न्हावी पुढे.

"गादीवाले, तुमचं दार आधीचंच बरं होतं."

"ते शास्त्राप्रमाणे दुरुस्त केलंय," आतून मेहुणा म्हणाला.

"मग शास्त्राला सांगा, माझ्या हातात वस्तरा असतो आणि डोळ्याला डोळा नाही."

"मला एका पोराने विचारलं," बाई काकुळतीने म्हणाल्या, "बाई, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? आजवर कुणाची टाप नव्हती हो!"

गादीवाला गादीच्या कडेतून डोकावला. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी माणसासारखा दिसत होता. "सगळं पटतंय. पण दार उघडलं की मी संपलो. मी काय जन्मभर तुमच्यासाठी जागू?"

न्हाव्याने बाहीने कपाळावरचा घाम पुसला. ते बघून गादीवालाच म्हणाला, "उन्हात का उभे? आत या. बसून बोलू."

एकेक जण तिरका होऊन आत सरकला. आत इतक्या दुपारांची झोप गुडघाभर साचलेली होती.

"मुद्दा असा आहे," न्हावी पलंगावर टेकत म्हणाला, आणि मुद्दा तसाच राहिला. बाईंनी चष्मा काढून त्याची नीट घडी केली आणि त्या विक्रीच्या गादीवर कलंडल्या. टपालवाल्याने पत्रांची पिशवी उशाला घेतली. मेहुणा "हे शास्त्राच्या..." इथपर्यंत पोचला होता. बायको भिंतीकडे केव्हाच झोपली होती.

गादीवाला दाराची फट बुजवून मागे आला, तो घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. न्हावी पलंगभर पसरला होता. सगळ्या घरात संथ, एकसुरी घोरणं चाललं होतं, आणि त्याच्याही पापण्या मिटत होत्या. त्याने काठावर कसाबसा एक गुडघा टेकवला आणि न्हाव्याच्या कानाशी वाकून अदबीने म्हणाला,

"अहो, जरा सरकता का?"