नाण्यावर न मावलेले तोंड

मी एक जुनी प्लॅस्टरची थाळी आहे. जेवायची नव्हे, नाण्याची. मित्रांनो, नाण्यावरचा चेहरा पहिल्यापासूनच तेवढासा असतो असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते. आधी तो परातीएवढा मोठा मातीत घडवतात. त्या मातीवरून उलटा साचा काढतात, साच्यात प्लॅस्टर ओततात आणि माझ्यासारखी थाळी तयार होते. पुढे टांकसाळीतले यंत्र त्या थाळीवरचा चेहरा बारीक करत करत नाण्यावर आणून बसवते. माझ्यावर हेस्टर गॅडसन नावाच्या बाईचा चेहरा आहे. तिचे तोंड उघडे आहे, आणि माझी सगळी हकिगत त्या तोंडाचीच आहे.

माझा जन्म मार्विन स्टॅकहाउस यांच्या हातून झाला. अमेरिकेतल्या आमच्या बेटाच्या पुलाजवळ बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता, तिथे त्यांनी आपले शिल्पकाम थाटले होते. साठीचा ठेंगणा माणूस, कोपरापर्यंत कायम पांढरा. प्लॅस्टर थंड पाण्यात कालवले तरी घट्ट होताना आपोआप गरम होते. ती ऊब ही माझी पहिली आठवण आहे.

त्या साली आमच्या राज्यासाठी पाव डॉलरचे एक नाणे निघायचे होते. त्यावर कोणाला बसवावे हे ठरवायला राज्याने एक समिती नेमली होती. लोकांनी नावे पाठवली. कोणी सेनापती सुचवला, कोणी बेसबॉलचा खेळाडू, आणि एकाने तर आपला शिकारी कुत्रा सुचवला. जिवंत माणूस चालणार नाही, एवढा एक नियम होता. गाळता गाळता दोन नावे उरली. एक डॉक्टर एझ्रा प्रुइट. ते दलदलीतून घोड्यावर फिरून घरोघर देवीची लस टोचत. आणि दुसरी ही हेस्टर.

हेस्टरने काय केले होते? तिने गाऊन लोकांना वाचायला शिकवले होते. बेटावरच्या ख्रिस्ती देवळात पूर्वी भजनाची पुस्तके नसायची, आणि असती तरी वाचणारे नव्हते. म्हणून एकाने उभे राहून चरण सांगायचा आणि बाकीच्यांनी तो उचलून लांबवत न्यायचा, अशी रीत होती. तो चरण सांगण्याचा मान हेस्टरचा. पुढे बेटावरच्या काळ्या लोकांना मतापासून लांब ठेवायला असा कायदा आला की मतदार व्हायचे तर कारकुनासमोर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवायचा. हेस्टरने तो उतारा भजनासारखा चरणाचरणाने लोकांकडून म्हणवून घेतला. तोंडात बसल्यावर एकेका शब्दावर बोट ठेवून तो ओळखायला शिकवले. कचेरीत तिची पाळी आली तेव्हा सवयीने ती वाचता वाचता गायला लागली, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनी चरण उचलला. कारकून चिडून म्हणाला, "तोंड मीट." तिने मिटले नाही. त्या दिवशी तिला हाकलून दिले. ती पुन्हा पुन्हा गेली, आणि शेवटी मतदारयादीत तिचे नाव लागले. तिच्यामागून निम्म्या बेटाचे लागले.

हेस्टरचा फोटो एकच होता. टोपी घातलेली, ओठ घट्ट मिटलेली बाई. स्टॅकहाउस यांनी त्यावरून मला घडवले. समितीच्या अध्यक्ष मिसेस बॅरो मला पाहून म्हणाल्या, "किती शांत चेहरा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले. कौतुक कोणाला नको असते?

मग हेस्टरची लेक मिस लुरीन मला पाहायला आली. पाठ वाकलेली, पण आवाज ताठ. सोबत तिचा धाकटा भाऊ एलरॉय. तो देवळातला डीकन, सगळी व्यवस्था त्याच्याकडे. मिस लुरीनने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि विचारले,

"ही कोण?"

"तुमच्या आई, मिस लुरीन," स्टॅकहाउस म्हणाले. "फोटोवरूनच केलंय सगळं."

"फोटो तिचाच आहे. पण त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. तू माझी आई नाही काढलीस बाळा, तिची दाढ काढलीस."

"लुरीन," एलरॉय म्हणाला, "बिचारा इतके दिवस खपलाय. छान आहे म्हण आणि चल. गाडीत मासा आणि लाल भात गार होतोय."

"तुला पोटापलीकडे दिसतं का काही?"

"दिसतं. माझी आई दिसतेय. दिसायला बरी आहे."

मिस लुरीनने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. "हिचं तोंड उघड," ती स्टॅकहाउस यांना म्हणाली.

त्यांनी खिशातली चिल्लर टेबलावर मांडली. "हे बघा. लिंकन, जेफरसन, रूझवेल्ट, वॉशिंग्टन. उघडलंय का कोणी तोंड?"

"त्यांना कुठे चरण सांगायचा होता?"

त्यांनी चिल्लर परत खिशात टाकली. ते म्हणाले, "गाताना तोंड कसं व्हायचं ते मी कधी पाहिलं नाही." ती म्हणाली, "मग रविवारी ये. हिलाही आण."

रविवारी मला घोंगडीत गुंडाळून त्यांनी देवळात नेले आणि पहिल्या बाकावर भिंतीला टेकवून ठेवले. मित्रांनो, देवाने मला कान दिलेले नाहीत. पण प्लॅस्टर सुकल्यावर त्याच्या पोटात हवा राहते, आणि आवाज आला की ती थरथरते. पास्टरसाहेब आधी साधे बोलत होते, शेजाऱ्याशी बोलावे तसे. वाळवंटात भुकेलेल्यांना देवाने अन्न कसे धाडले, ते सांगत होते. बोलता बोलता शब्दांना ठेका आला. ठेक्याला सूर आला. कुठे बोलणे संपले आणि कुठे गाणे सुरू झाले ते समजलेच नाही. लोक "हो", "खरंय", "सांगा, पास्टर, सांगा" अशी साथ देत होते, आणि पाय लाकडी जमिनीवर ताल धरत होते. देवाचे नाव असे गाऊन सांगितले की ते ऐकणाऱ्याच्या अंगात उतरते. माझ्यासारख्या चुन्याच्या पोरीच्याही उतरले.

मग मिस लुरीन उठली. तिने उजवा हात कानामागे धरला, हनुवटी उचलली आणि आईच्या चालीवर चरण सांगितला. तोंड आरोळी ठोकल्यासारखे वासलेले नव्हते. खालचा ओठ ओगराळ्याच्या काठासारखा पुढे आला होता, वाढायला निघालेला. सगळ्या देवळाने चरण उचलला. स्टॅकहाउस यांच्या मांडीवर कागद होता, पण पेन्सिल हलेना. ते नुसते बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मिटलेल्या ओठांना छिन्नी लावली. दुखले का? मला वाटते, दुखले. पण तोंड कोरून झाले, नवे प्लॅस्टर चढवून कानामागे हात आला, आणि त्यांनी भुकटी फुंकून उडवली, तेव्हा पहिल्यांदाच मी कोणीतरी आहे असे मला वाटले.

समितीची शेवटची बैठक कचेरीच्या सभागृहात भरली. टेबलावर आम्ही दोघे शेजारी शेजारी, डॉक्टर प्रुइट आणि मी. त्यांच्या मिशीखालचे तोंड नीट मिटलेले होते. समितीत मिस्टर ड्रेक म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचे आयुष्य नाणी पाडण्यात गेले होते. ते शांतपणे बोलले.

"काम सुंदर आहे. पण नाण्यावर हे तोंड मसुराएवढंही राहणार नाही. लोकांना वाटेल, बाईच्या चेहऱ्यावर माशी बसलीय. शिवाय नाणं झिजतं तेव्हा आधी गाल झिजतात, नाक झिजतं. खड्डा तेवढा राहतो आणि त्यात मळ भरतो."

"खिशात राहून सगळ्यांचीच तोंडं मळतात," मिस लुरीन म्हणाली. लोक हसले. ड्रेकसाहेबही हसले, पण मान हलवत राहिले.

मिसेस बॅरो तिच्याजवळ येऊन बसल्या. "मिस लुरीन, बहुतेकांना तुमच्या आईच हव्या आहेत. मलासुद्धा. ओठ पुन्हा भरून घेतले की आज नाव पक्कं. नाही तर डॉक्टर प्रुइट. तुमच्या मर्जीविरुद्ध आम्ही काहीच करणार नाही."

एलरॉयने बहिणीचा दंड धरला. "ऐक माझं. नाणं गावोगाव जाईल. दुकानात एखादं पोर विचारेल, ही बाई कोण? मग कोणीतरी सांगेल. तोंड मिटलेलं असलं म्हणून काय झालं, नाव तर तिचंच आहे ना? तू ऐंशीला आलीस, मी मागोमाग. आपण गेल्यावर तिचं नाव घेणारं कोण आहे?"

तो चुकीचे बोलत नव्हता. ते मिस लुरीनलाही ठाऊक होते, कारण तिचे डोळे भरून आले. आई नाण्यावर यावी म्हणून दारोदार फिरून सह्या गोळा करणारी तीच होती. तिने माझ्या गालावर हात ठेवला. तिचा हात गार पडला होता.

"कारकुनाने सांगितलं तेव्हा तिने मिटलं नाही," ती म्हणाली. "आता काय माझ्या तोंडून तेच सांगू तिला?"

मिसेस बॅरोंनी मान खाली घातली. मत घेतले, आणि डॉक्टर प्रुइट नाण्यावर गेले. मित्रांनो, ते योग्यच माणूस होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. बाहेर पडताना एलरॉय बहिणीशी बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस बोलला नाही.

मग माझे वाईट दिवस आले. मी कपाटामागे, रंगाच्या डब्यांशेजारी पडून राहिले. ओल लागून कडेचा एक टवका उडाला. तोंडात कोळ्याने घर केले. स्टॅकहाउस अधूनमधून मला बाहेर काढून बघत आणि परत ठेवून देत. ते गेले, मिस लुरीनही गेली. स्टॅकहाउस यांच्या मुलीने कारखाना रिकामा करताना मला देवळात आणून दिले. तिथे भजनांचे आकडे लावतात त्या पाटीशेजारी मला खिळ्यावर टांगले. दर रविवारी पोटातली हवा पुन्हा थरथरू लागली.

गेल्या उन्हाळ्यात देवळाला रंग द्यायचे ठरले. रंगारी भला माणूस होता. भिंतीच्या भेगा भरता भरता तो माझ्यापाशी आला, कडेचा टवका त्याने छान भरून दिला, आणि पुट्टीचा गोळा अंगठ्यावर घेऊन माझ्या तोंडाशी आणला.

"हे भोकही बुजवून टाकतो," तो म्हणाला. "वेगळे पैसे नकोत."

एलरॉय मागे खुर्चीत बसला होता. आता त्याला नीट दिसत नाही, चालायला चार पायांची काठी लागते. पण तो उठला.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो, घाण बसते त्यात. भरून टाकलं की सारखं दिसेल."

"भोक नाही ते. आई गातेय माझी."

रंगाऱ्याने पुट्टी डब्यात परत टाकली. एलरॉयने खिशातून रुमाल काढला, बोटाला गुंडाळला आणि माझ्या तोंडातली धूळ हळूहळू पुसली. ओठाच्या काठाशी त्याचे बोट थोडे थांबले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ पुसा, ओलीपासून जपा. पण आम्हाला नीट करायला हात लावण्याआधी आम्हाला ओळखणारे एखादे म्हातारे माणूस शोधा आणि त्याला विचारा, हे मोडले आहे की असेच आहे? आणि ते माणूस सांगायला लागले, तर पुट्टी वाळली तरी चालेल, पण त्याचे पुरते ऐकून घ्या.