मान सरळ

डोळ्याच्या आतला फोटो काढायच्या यंत्रावरचा, हनुवटीखालचा पातळ कागद शकूने उपटला, तरी खालच्यावर आधीच्या माणसाच्या हनुवटीचा दाब उमटलेलाच... निरोगी माणूस, आणि त्याचा केवढा तोरा! बिबवेवाडीच्या या दवाखान्यात आजाऱ्यांना तोटा नव्हता. अडलं होतं ते धडधाकट डोळ्यांवाचून, कारण पाहणीच निरोगी डोळ्यांची होती. साठीपुढची एक बाई कमी पडतेय, असं ती काल जेवताना बोलली — नवऱ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशीच — आणि सकाळी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या.

"आई, तुम्हाला तर दिसत नाही."

"फोटू तर निघतोय न्हवं?"

दोन वर्षं सोजरबाईंना दिसत नव्हतं. तपासायचं नाव काढलं की 'आता काय बघायचं ऱ्हायलंय' म्हणायचं आणि खाटेवर मान डावीकडे, भिंतीकडे कलती करायची. ते घरात किती सोयीचं होतं! त्यांच्यासमोर आवाज न करता रडता येई. नवऱ्याची, बजरंगची उशी बाहेरच्या खोलीत जाई — कधी तो नेई, कधी मीच फेकली... आणि दिवाळीपासून त्यांच्याच खाटेखाली, सगळ्यांत निर्धास्त जागी, भरलेली बॅग. आज संध्याकाळी ती उचलायची होती. बजरंग कामावरून यायच्या आत.

पडदा सारून बाहेर नजर तपासणाऱ्या नसीमने सोजरबाईंना आत आणलं. "भाभी, तक्त्यावरची शेवटची ओळ सांगितली यांनी. तुमच्यापेक्षा भारी!"

नसीमला थट्टेची खोड. शकूने मनावर घेतलं नाही.

"मान सरळ, आई. हिरव्या दिव्याकडे बघा. मान कलली की कोन चुकतो."

"सरळच हाय. घरातच वाकडी ठेवाय लागती."

लखकन उजेड झाला. यंत्राच्या पडद्यावर डोळ्याचा आतला भाग आला, केशरी, स्वच्छ... धुकं नाही, डाग नाही. ती पिवळसर चकती, जिथून नस बाहेर पडते. तिथे माणसाला काहीच दिसत नाही. आणि हा काळसर ठिपका, तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. दोन्हींवर खुणा ठेवून शकूने रेघ ओढली; तिचा कल, तोच मोजायचा कोन. ठिपका चकतीपेक्षा जरासा खाली — चांगल्या डोळ्यांत असतो तसाच.

म्हणजे उशी... म्हणजे रडणं...

"किती वाकडं निघालं?" सोजरबाईंनी विचारलं.

"असतं तेवढंच. सगळ्यांचं असतं."

"बरं." त्या हनुवटी पुसत उठल्या. "बॅगंची चेन अडकत हुती तुझ्या. मेणबत्ती घासून ठिवलीया. सर्रकन सरकती आता."

एवढंच. 'कुठं निघालीस' नाही, 'थांब' नाही... म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं, पाय आपटत जाता आलं असतं. आणि लपवायचीच होती तर ती बॅग मी एका माणसाच्या खाटेखाली कशाला ठेवली? कुणी बघू नये म्हणून, की...

शकूने खूण पुसली, पुन्हा ठेवली. कोन तोच. मेण लावलेल्या चेनचा आवाज तिला इथंच ऐकू यायला लागला — आणि आपली मान केव्हा डावीकडे, भिंतीकडे कलली, ते तिचं तिलाच कळलं नाही.