इटलीचं कालवण

सन एकोणीसशे शेहेचाळीस, माघ महिना. शेलूबाजारच्या गिरजाबाई माळणीचा एकुलता एक लेक उत्तम इटलीच्या लढाईवरून घरी आला. आदल्या वर्षी तो मेल्याची सरकारी तार आली होती. तेरवी उरकली होती, सून पंचफुलाच्या बांगड्याही फुटल्या होत्या.

आता तो हातीपायी धड घरात वावरत होता. तरी गिरजाबाई सुनेला बांगड्या भरू देईना. समोर गेलं की पोरगा हसून बोलायचा. पण पाठीमागून "उत्तम" म्हणून हाक मारली, तर वळतच नव्हता.

"तोफेनं कान गेले असतीन," शेजारची गोजराबाई म्हणाली.

"भांडं पडलं तं दचकते ना बाई तो!"

एके सकाळी त्यानं मळ्यातली टोपलंभर भेदरं आणली. टमाट्यांना वऱ्हाडात भेदरं म्हणत. माळी ती बाजारात विकत. घरातली जुनी माणसं मात्र, मांसासारखी दिसतात म्हणून तोंडात घालत नसत.

"माय, आज मी रांधतो."

"तू? तुले चूल पेटवता येत नोती!"

त्यानं भेदरं उकळत्या पाण्यात बुडवून सोलली, हातानं कुस्करली, तेलात लसूण टाकून शिजत ठेवली. मग बाहेर जाऊन पिराच्या कबरीजवळचा सब्जा तोडून आणला.

"अरे, हा पाला कोनी खाते काय?"

"ती टाकते."

"कोन ती?"

मंद आचेवर ढवळत तो सांगू लागला. इटलीत तो जखमी होऊन पडला, तेव्हा एका म्हातारीनं त्याला माडीवर लपवलं होतं. तिचा पोरगा लढाईत मेला होता. त्याचेच कपडे ती याला घाली, त्याच्याच ताटात वाढी, त्याच्याच नावानं हाक मारी.

"अन् तू?"

"मी ओ देत गेलो, माय. पोटात भूक होती ना."

दुपारपर्यंत रस दाट झाला. पंचफुलानं शेवया उकडल्या. उत्तमनं पळसाची पानं मांडली. माणसं तीन, पानं चार. चौथ्यावर त्यानं शेवया वाढल्या, वर तो लाल रस ओतला.

"हे कोनासाठी?"

त्यानं पानाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला. चूल धगधगत होती, पण त्या पानाच्या बाजूनं गार झुळूक येत होती. पंचफुला भिंतीला चिकटून बसली.

गिरजाबाई रिकाम्या जागेसमोर टेकली. "बापा, तुह्या मायनं माह्या लेकराले जगवलं. पोटभर जेव. पन हा माहा हाय. याले सोड."

कोणी हललं नाही. तरी रस एका कडेनं, बोटानं पुसून घ्यावा तसा, नाहीसा होत गेला; खालचं हिरवं पान दिसू लागलं.

गिरजाबाई उठली, उत्तमच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"उत्तम."

तो वळला. "काय व माय? रडून काहून राह्यली?"

संध्याकाळी कासारीण घरी आली आणि पंचफुलाचे हात हिरव्या चुड्यानं भरले. उत्तम मळा कसत म्हातारा झाला. त्या जेवणाचा विषय निघाला की म्हणायचा, "मी कवा रांधलं?" एकदाच पाहिलेलं ते कालवण पंचफुलाला हळूहळू जमू लागलं, सब्जा मात्र तिनं कधी घातला नाही. त्या चौथ्या पानाचं ऐकून गोजराबाईनं त्या घरी जेवणं सोडलं. गिरजाबाई नातवंडं खेळवून सुखानं गेली. इटलीतल्या त्या म्हातारीला मात्र, आपला पोरगा वऱ्हाडात जेवून गेला, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.