पाचव्या प्रतीतली ओळ

या, असे जवळ सरका. देवाच्या दारी बसावे तसे निवांत बसा. एका एकाकी ओळीची कथा सांगेन.

मार्गशीर्षातली सकाळ. वाईच्या घाटाशी धुक्याची धवल शाल पांघरून कृष्णा मंद मंद वाहते आहे. कोवळे, केशरकांत ऊन पायऱ्या उतरते आहे. एकेक पायरी, एकेक पायरी, सोवळ्यातल्या सुवासिनीसारखे.

घाटालगतच्या घरात तात्या पाटणकर बसले आहेत. वय चौऱ्याऐंशी. चिनी ग्रंथांच्या अक्षरारण्यात सारे आयुष्य वेचलेले. दृष्टी आता सांजावलेली. शेजारी त्यांची शिष्या हेमांगी. तिच्या संगणकाच्या पडद्यावर एका प्राचीन चिनी युद्धग्रंथाच्या पाच हस्तलिखित प्रती, पाच प्रवाहांसारख्या समांतर. जुळेल ते हिरवे, न जुळेल ते तांबडे.

आणि समोरच्या पानाच्या हिरव्या विस्तारात एकच रक्तवर्ण ओळ: ‘शरण आलेल्यावर आधी पांघरूण घाला, मग त्याचे नाव विचारा, हाच सेनेचा धर्म.’

पाचव्या प्रतीत ती आहे. उरलेल्या चौघींत नाही. पुण्याच्या संपादकांचा निरोप आला होता: कुणा भाविकाने मागाहून घुसडलेली दिसते, दुपारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर ग्रंथातून गाळतो. आणि तात्यांनी तर ती चाळीस वर्षे जपलेली, वाऱ्याला हाताचा आडोसा करून निरांजन जपावे तशी.

“चार विरुद्ध एक आहे हो, तात्या.”

“मग काय, मतदान घ्यायचंय होय गं?” तात्या हसले. पण धोतराचा काठ बोटांनी चुरगाळत राहिले.

हेमांगीने पुन्हा पाहिले. वरची ओळ: ‘वाटेतले शेत तुडवू नका, हाच सेनेचा धर्म.’ खालच्या ओळीलाही शेवट तोच. तेच पालुपद, तेच पालुपद.

आणि तिच्या कानी टाळ वाजले. लहानपणी वडिलांच्या कीर्तनात ती मागे उभी राहून गाई. एकदा पालुपदावरून घसरून पहिल्या कडव्यानंतर थेट तिसऱ्यावर गेली, तेव्हा भर सभेत वडील म्हणाले होते, “देवाचं कडवं खाल्लंस की गं!”

“तात्या!” ती ओरडलीच. “लेखनिकानं कडवं खाल्लं! एका पालुपदावरून नजर पुढच्या पालुपदावर घसरली, मधली ओळ राहिली!”

“एकदा घसरली तर योगायोग म्हणतील. अजून शोध.”

तिने पुढच्या पानांतली पालुपदे शोधली. घोड्यांच्या चाऱ्याची ओळ, जिच्यावाचून पुढचे वाक्यच लंगडे, तीही त्याच चौघींत नाही. तशीच दोन पालुपदांमधून निसटलेली.

म्हणजे चौघी एकाच जुन्या प्रतीवरून उतरलेल्या. चार साक्षी नव्हेत त्या. एकाच थकल्या डोळ्याच्या चार लेकी.

पुण्याला फोन गेला. पलीकडे बराच वेळ नुसती पाने उलटल्याची सळसळ, मग संपादकांचा स्वर, मऊ झालेला: “ओळ राहील, बाई. तात्यांना सांगा.”

 तात्यांनी हात जोडले, आणि मिटल्या पापण्यांआडून दोन थेंब ओघळले.

एवढीच कथा. आता एक मागणे. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या पाचव्या लेखनिकाला आठवा. नाव नाही, गाव नाही, समाधी नाही. गारठलेल्या बोटाने ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, तो चालत गेला, जसा पेरकरी शेतात चालतो, नांगराच्या एका तासामागून दुसरे तास. आणि त्याच्या मागे मऊ मातीत दाणे निजत गेले.