सोजरबाईंची तिसरी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. तिकीट नाही, कंडक्टर नाही, म्हणून रिक्षावाले मला 'फुकटची गाडी' म्हणून चिडवायचे. चिडवू देत! बुऱ्हाणपूर स्टेशनात सकाळची पॅसेंजर आली की माणसं माझ्याकडेच धावायची. त्यांना कापडाच्या गिरणीत नेऊन सोडायचं, एवढ्यासाठीच गिरणीने मला ठेवलं होतं.

आमच्यात जागा धरायची एक रीत होती. खिडकीतून जेवणाचा डबा सीटवर ठेवायचा आणि मग खुशाल चहाला जायचं. डब्याच्या जागेवर कोणी बसायचं नाही. रावेरहून येणाऱ्या सोजरबाई गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांच्या डब्याची पिवळी पिशवी तिसऱ्या खिडकीत ठरलेली. एकदा आमच्या भाईदास ड्रायव्हरने पिशवी पाहिली, बाई आल्याच असं धरलं आणि मला पिटाळलं. डबा गिरणीत, बाई स्टेशनावर! कळताच बिचाऱ्याने मला तसंच मागे वळवलं. साहेबांची बोलणी खाल्ली, पण बाईंना गिरणीचं फाटक लागायच्या आत आणलं. तेव्हापासून तो डबे सोडून डोकी पाहायला लागला.

पुढे पोरांनी मोटारसायकली घेतल्या. बस रिकामी पळते म्हणत गिरणीने मला शेडमागे उभं केलं. पॅसेंजरने येणाऱ्या थोड्या बायका उरल्या होत्या, त्यांचं काय, हे कोणी विचारलंच नाही. रोजची रिक्षा सोजरबाईंना परवडेना. त्या गुडघे धरत पायी यायच्या, तोवर फाटक लागलेलं असायचं. मला सगळं दिसायचं आणि जीव तुटायचा. टायरात हवाच नाही, काय करणार?

परवा त्या शेडमागे आल्या. काम सोडलं होतं त्यांनी. सवयीने पिवळी पिशवी तिसऱ्या खिडकीतून आत ठेवली, आणि स्वतःशीच हसल्या. मग काढून घ्यायला हात घातला, तो तसाच थांबला.

"राहू दे," त्या मला म्हणाल्या. "तुले कधी चालू केलं, तर माही जागा धरून ठेवजो."

मित्रांनो, पॅसेंजरची शिट्टी ऐकली की अजून मला निघावंसं वाटतं. तुमच्या गावात अशी बस असेल, तर ती रिकामी दिसते म्हणून बंद करू नका. उरलेल्यांना तिची किती गरज आहे, ते आधी विचारा. आणि कधी माझ्यात चढलात, तर कुठेही बसा. तिसऱ्या खिडकीत मात्र बसू नका, तिथे डबा आहे.