डबीखालची लाली

आधी लाली उठली ती एवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. गुरम्माला वाटलं, डास चावला असंल. उदगीरच्या त्या उन्हाळ्यात डास तरी कुठं जिवंत होते म्हणा! पण आठ दिवसांत लाली छातीच्या मधोमध पसरली, आणि तीही नेमकी डबीच्या मापाची. इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी शिवदाऱ्यात ओवून ती रात्रंदिवस गळ्यात घालायची. अंगावरून लिंग उतरवायचं म्हणजे जीव उतरवून ठेवायचा, असंच तिला लहानपणापासून ठाऊक.

खाज झोपेतच जास्त सुटायची. अर्धवट जागेपणी तिला वाटायचं, डबी तापलीय, आत महादेव कूस बदलतोय, त्याला आपल्या छातीवर करमेनासं झालंय. मग स्वप्न पडायचं. ती किल्ल्याच्या पायऱ्या उतरतेय, सगळीकडं दुधाळ उजेड, पुढं कुणीतरी चाललंय आणि कितीही हाका मारल्या तरी मागं वळून बघत न्हाई. उठायची तेव्हा उशी ओली असायची.

बाईचा स्वभाव असा, की काही बिनसलं की खोट आधी स्वतःत शोधायची. आपण डबी नीट घासत न्हाई म्हणून हे, असं तिनं ठरवलं. झालं! सकाळ-संध्याकाळ चिंच लावून, वर विभूती चोळून डबी घासणं सुरू. उरलेली विभूती लालीवर. लालीला पाणी सुटलं, तशी ही आणखी जोरानं घासायला लागली.

एका संध्याकाळी तिच्यानं राहवेना. नवरा बसवराज अडतीवरून येऊन जेवायला बसला होता. त्याच्यापुढं तिनं वीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. लेक मंजुश्री लहान असताना तापानं फणफणली होती, तेव्हा रागाच्या भरात तिनं लिंग तीन दिवस कोनाड्यात ठेवलं होतं. पूजा न्हाई, पाणी न्हाई. त्याचीच ही शिक्षा, म्हणून ती हमसून हमसून रडली. बसवराजनं हातातला घास तसाच धरून मोठ्या मनानं सांगितलं, जाऊ दे, मी माफ केलं, महादेवबी करंल. त्या रात्री तिला फार हलकं वाटलं. खाज मात्र तसूभर कमी झाली न्हाई.

शेवटी मंजुश्रीनं फोनवरून आईला चांगलं झापलं, तेव्हा दोघं लातूरला डॉक्टर महामायांकडं गेले. अंगाला कशाचं वावडं आहे ते बघायला डॉक्टरीणबाईंनी पाठीवर चौकटी चौकटीच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस आंघोळ न्हाई, घाम न्हाई. बहिणीकडं, कमलम्माच्या घरी, गुरम्मा पालथी पडून राहिली. डबीतून काढलेलं लिंग सुती कापडात गुंडाळून पदराच्या गाठीला बांधलेलं. खिडकीत पारवे घुमायचे, पंख्याखाली डोळा लागायचा, आणि आपण उदगीरात हाय का लातुरात हेही तिला उमगायचं न्हाई. एवढी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाठीवर एकच चौकट लाल होती. ती निकेलची, म्हणजे गिलटात असणाऱ्या धातूची. डॉक्टर म्हणाल्या, अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशींनी या धातूला वैरी ठरवलंय. वर्षानुवर्षं त्या गप्प बसतात, पण एकदा ओळख पटली की जन्मभर विसरत नाहीत. धातू लागला की दोन दिवसांत जमून त्याच्याशी भांडतात, आणि त्या भांडणात आपलंच कातडं सोलून निघतं.

गुरम्मा म्हणाली, पण आमची डबी तर चांदीची. डॉक्टरांनी कापसाचा बोळा औषधात बुडवून डबीवर घासला. बोळा गुलाबी झाला, म्हणजे डबीत निकेल होतं. नुसता चांदीचा मुलामा होता, त्या म्हणाल्या, घासून घासून निघून गेलाय.

म्हणजे महादेव रुसलाच नव्हता! गुरम्माला भरून आलं, हसूही आलं. हसत तिनं नवऱ्याकडं बघितलं, तर तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

बाहेरच्या बाकावर त्यानं सांगितलं. नऊ वर्षांमागं तिची जुनी रिकामी डबी उजळायला म्हणून तो लातूरला घेऊन निघाला, आणि पिशवी बसमध्येच राहिली. तो भ्याला. बाजारात हुबेहूब दिसली ती घेतली, आणि जुनी मोडून नवी घडवली म्हणून तिच्या हातात ठेवली.

गुरम्मानं मुठीतली डबी उलटीपालटी करून बघितली.

"मी एवढी रडले तुमच्यापुढं. तवा का न्हाई बोलला?"

बसवराज खाली मान घालून म्हणाला, "तुझंबी कायतरी चुकलेलं हाय म्हणून मला जरा बरं वाटलं."

संताप असा आला की तिचे कान तापले. इतके महिने ती स्वतःला पापी म्हणत होती, आणि या माणसाला बरं वाटत होतं! ती ओरडली न्हाई. "तुमची डबी काढा," एवढंच म्हणाली. तिथंच, बाकावर, त्याच्या वडलांच्या खऱ्या चांदीच्या डबीत तिनं आपलं लिंग ठेवलं, आणि त्याचं त्या गिलटाच्या डबीत ठेवून त्याच्या गळ्यात घातलं.

तीन आठवड्यांत लाली गेली.

आता रोज सकाळी तो अडतीवर निघायच्या आधी ती त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी सोडते, डबी बाजूला सारते आणि वाकून बघते. कातडं स्वच्छ. सगळ्यांच्याच अंगाला हे होत न्हाई, असं डॉक्टर म्हणाल्यात, याची तो दबकत आठवण करून देतो.

"मला नऊ वर्षं लागली," ती म्हणते, आणि गुंडी लावते.